सारख्या अक्षरांचे इंग्रजी शब्द: यादी कशी करावी आणि अर्थ कसे लक्षात राहतात

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी नववीत आहे, सेमी इंग्रजीत शिकते. शिकवणीत तिला ए ते झेड अशी शब्दांची जाडजूड यादी मिळाली आहे आणि एकेका अक्षराचे शब्द अर्थासकट पाठ करायचे आहेत. ती मन लावून पाठ करते, पण आठवडा गेला की ‘रिस्ट’, ‘रिंकल’, ‘रेथ’, ‘रेंच’ यांचे अर्थ एकमेकांत मिसळतात आणि लिहिताना सुरुवातीचा डब्ल्यू हमखास गळतो. सारखी अक्षरं असलेले शब्द असे एकत्र पाठ करण्यात काही हशील आहे का, असं तुम्ही विचारलंय.

हशील भरपूर आहे. फक्त अक्षरं कोणती धरायची ते बदलावं लागेल. मराठी आणि सेमी माध्यमाच्या मुलांना मी वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवत आलोय आणि ए-बी-सी-डीच्या क्रमाने शब्द पाठ करून कुणाचा शब्दसंग्रह वाढलेला मी पाहिलेला नाही. तो क्रम ही शब्दकोशाची सोय आहे. शब्द शोधायला उत्तम, डोक्यात ठेवायला निरुपयोगी. डब्ल्यूखाली वॉटर, वेडिंग, वुल्फ आणि विंडो शेजारी शेजारी येतात, पण त्यांच्यात ना अर्थाचं नातं ना कुळाचं. त्याच डब्ल्यूच्या पाठीला आर लागला की मात्र चित्र पालटतं.

तिला वहीचं एक कोरं पान घेऊ द्या. वरती मधोमध मोठ्या अक्षरांत डब्ल्यू-आर लिहा आणि त्याखाली एकच मराठी क्रियापद: पिळणे. आता शब्द बघा. धुतलेला कपडा पिळायचा तो ‘रिंग’, डब्ल्यूने सुरू होणारा. हिसका देऊन पिरगाळणं म्हणजे ‘रेंच’, आणि गॅरेजमध्ये नट फिरवायला जो पाना लागतो तोही रेंच. हाताचा जो सांधा सगळीकडे वळतो तो ‘रिस्ट’, मनगट. कातडीला किंवा कापडाला पीळ पडून जी रेघ उठते ती ‘रिंकल’, सुरकुती. गांडूळ अंग वळवत पुढे सरकतं ते ‘रिगल’. पानंफुलं वळवून गोल गुंफलेलं चक्र, स्मारकावर वाहतात ते, ‘रेथ’. वेदनेनं अंग पिळवटणं म्हणजे ‘राइद’. एकमेकांचे हातपाय पिरगाळत केलेली झटापट म्हणजे ‘रेसल’, आपली कुस्ती. तोंड किंचित वाकडं करून हसणारा माणूस ‘राय स्माइल’ देतो. आणि सगळ्यांत ओळखीचा ‘राँग’. हा शब्द वायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला आणि त्याचा मूळ अर्थ वाकडं, पिळलेलं असा होता. वाकडं पाऊल पडणं, वाकड्यात शिरणं हे आपण रोज बोलतो, तेव्हा वाकडं म्हणजे चूक हे नववीतल्या मुलीला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दहा शब्द झाले आणि पाठ करायला एकच गोष्ट उरली. पुढे एखाद्या उताऱ्यात डब्ल्यू-आरने सुरू होणारा अनोळखी शब्द दिसला की ती आपसूक विचारेल, इथे काय वळतंय?

या पानाच्या तळाशी एक चौकट आखून घ्या आणि त्यात घराण्याबाहेरचे शब्द लिहा. ही चौकट टाळू नका, नाहीतर मुलं प्रत्येक शब्द ओढूनताणून पिळात बसवतात. ‘राइट’, म्हणजे लिहिणे, यात पीळ नाही. त्याचा जुना अर्थ ओरखडणे, कोरणे, कारण जुने जर्मानिक लोक त्यांची रून अक्षरं लाकडावर, हाडावर आणि दगडावर कोरत. ‘रेक’, म्हणजे बुडालेलं किंवा फुटलेलं जहाज, याच्या मुळाशी लोटणे आहे: समुद्रानं किनाऱ्यावर लोटून टाकलेलं. ‘रेचिड’, म्हणजे दैन्यावस्थेतला, तो ज्या जुन्या शब्दावरून आला त्याचा अर्थ हद्दपार केलेला माणूस असा होता.

आता गळणाऱ्या डब्ल्यूबद्दल. तो काही शोभेला लावलेला नाही. जुन्या इंग्रजीत तो स्पष्ट उच्चारला जायचा. आपण व्रत, व्रण म्हणतो तसं ‘व्रिस्ट’, ‘व्रिंग’. साधारण सतराव्या शतकापर्यंत तो जिभेवरून उतरला. विल्यम कॅक्स्टननं 1476 मध्ये लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला होता, आणि छापील पुस्तकांमुळे पुढच्या दोन शतकांत स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं. उच्चार पुढे सरकत राहिले, अक्षरं जागेवर राहिली. म्हणून घरी पाठ करताना तिला खुशाल ‘व्रिस्ट’, ‘व्रिंकल’, ‘व्रेसल’ असं मोठ्यानं म्हणू द्या. चारचौघांत बोलताना ती बरोबरच बोलेल, आणि लिहिताना डब्ल्यू विसरणार नाही.

दुसरं पान के-एनचं करा, आणि हे पान मराठी मुलांसाठी मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. ‘नी’ म्हणजे गुडघा, ‘नॉट’ म्हणजे गाठ, ‘नकल’ म्हणजे मुठीवर वर येणारे बोटांचे सांधे, ‘नॉब’ म्हणजे दाराची गोल मूठ, ‘नोल’ म्हणजे टेकाड. सगळीकडे काहीतरी उंचवटा, गोळा, गाठ. ‘निट’ म्हणजे विणणे हा तर गाठ मारण्यातूनच आलाय आणि ‘नीड’ म्हणजे कणीक मळणे यातही गोळा आहेच. आपल्या गाठ, गोळा, गुठळी, गड्डा, गाठोडं, गुडघा या शब्दांकडे बघा. या मराठी शब्दांचं इंग्रजी शब्दांशी कुळ एक आहे असं मी म्हणत नाही. पण सारख्या आकाराच्या वस्तूंभोवती सारखा आवाज जमा होतो, हे मुलीला स्वतःच्या भाषेतच दिसेल.

इथलाही के एकेकाळी बोलला जायचा. जर्मन माणूस गुडघ्याला आजही ‘क्नी’च म्हणतो. आणि आता संस्कृतमधला गुडघा आठवा: जानु. आजानुबाहू, ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो. लॅटिनमध्ये ‘गेनू’, ग्रीकमध्ये ‘गोनू’, संस्कृतात ‘जानु’, इंग्रजीत ‘क्नी’. एकाच शब्दाची ही चार रूपं आहेत.

के-एनचाच दुसरा शब्द ‘नो’, म्हणजे जाणणे. त्याचा भाऊ आपल्याकडे ज्ञा, ज्ञान, विज्ञान, आज्ञा, अज्ञ यांत आहे. ज्ञ या अक्षराची गंमत मुलीला नीट उलगडून दाखवा. लिहिताना ते ज् आणि ञ मिळून होतं. मराठी माणूस ते द्न्य असं उच्चारतो, हिंदी भाषक ग्य म्हणतो आणि गुजराती ग्न म्हणतो. मूळ उच्चार कुणाच्याच तोंडी राहिलेला नाही, तरी आपण सगळे तेच अक्षर लिहितो, कारण त्यात शब्दाचं कूळ दिसतं. इंग्रजांनी ‘नो’मधला के ठेवला तो अगदी तसाच. ज्ञमधला ज् आणि ‘नो’मधला न बोलला जाणारा के मुळात एकच आवाज होता. ग्रीकमध्ये आणि लॅटिनमध्ये तो ग राहिला, आणि तिकडून आलेल्या इंग्रजी शब्दांत जी-एन अशी जोडी दिसते: ‘डायग्नोसिस’ म्हणजे आजार जाणून घेणं, निदान, ‘इग्नोरंट’ म्हणजे न जाणणारा, अज्ञ, ‘रेकग्नाइज’ म्हणजे पुन्हा जाणणं, ओळखणं, ‘अग्नॉस्टिक’ म्हणजे ईश्वराबद्दल निश्चित जाणता येत नाही असं मानणारा. के-एनच्या पानावर उजवीकडे जी-एनची ही ओळ जोडून टाका. ‘कॅन’ हे साधं सहायक क्रियापदही याच कुळातलं. जाणतो म्हणून करू शकतो. ‘अनकूथ’, म्हणजे आडदांड, याचा मूळ अर्थ फक्त ‘अनोळखी’ एवढाच होता.

ग आणि ज यांचा क कसा झाला, यामागे नियम आहे. याकोब ग्रिमनं, लोककथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी थोरल्यानं, 1822 मध्ये तो मांडला. इंग्रजी आणि जर्मन ज्या कुळातल्या, त्या कुळात जुन्या व्यंजनांची एका ओळीत सरकासरक झाली: प चा फ, त चा थ, द चा ट, ग चा क. भाषाशास्त्राचं ओझं मुलीवर टाकायची गरज नाही, पण या नियमानं टी-एचचं पान किती सोपं होतं ते बघा. ‘थिन’ म्हणजे बारीक, संस्कृतात तनु. ‘थर्स्ट’ म्हणजे तहान, तृषा. ‘थ्री’ म्हणजे त्रि. ‘दॅट’ म्हणजे तद्. ‘थॉर्न’ म्हणजे काटा, आणि त्याचा भाऊ तृण. इकडे गवत झालं, तिकडे काटा. एफचं पानही असंच: ‘फुट’ आणि पाद, ‘फादर’ आणि पितृ, ‘फुल’ आणि पूर्ण, ‘फाइव्ह’ आणि पंच, ‘फर्न’ आणि पर्ण. ‘फी’ आणि पशुसुद्धा. गुरंढोरं हीच जेव्हा संपत्ती होती तेव्हाचा तो शब्द आहे आणि जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ गुरं असाच होता. द आणि ट: ‘टू’ आणि द्वि, ‘टेन’ आणि दश, ‘टूथ’ आणि दंत, ‘ट्री’ आणि देवदारमधला दारु. तनू, तृषा, तृण, पर्ण हे शब्द आपल्या मुलांना कवितांमधून आधीच ओळखीचे असतात. ही पुंजी इंग्रजीच्या तासाला वापरायची नाही तर कधी वापरायची?

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो, कारण मोबाइलवर उलट सांगणारे संदेश फार फिरतात. यावरून इंग्रजी संस्कृतातून निघाली असं ठरत नाही. विल्यम जोन्सनं 1786 मध्ये कोलकात्यातल्या एशियाटिक सोसायटीपुढच्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचं साम्य दाखवलं, तेव्हाच त्यानं म्हटलं होतं की या भाषा एका समान उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आता शिल्लक नसेल. म्हणजे नातं बहिणींचं आहे. ‘नॅव्हिगेशन’ हा शब्द ‘नवगती’वरून आला अशी एक लोकप्रिय थाप आहे. तो लॅटिनमधल्या ‘नाविस’, म्हणजे जहाज, आणि ‘आगेरे’, म्हणजे हाकणे, यांवरून आलेला आहे. ‘नाविस’ आणि आपलं नौ यांचं नातं खरं आहे, आणि तेवढं पुरेसं सुंदर आहे. मुलीला खरं नातंच शिकवा.

आता जी-एचचं पान. ‘नाइट’, ‘लाइट’, ‘एट’, ‘डॉटर’ यांत बसलेलं जी-एच मुलांना सर्वांत जास्त छळतं. तिथे पूर्वी घशातून येणारा, खरखरीत ख सारखा आवाज होता. जर्मनमध्ये तो अजून आहे: ‘नाख्ट’, ‘आख्ट’, ‘टोख्टर’. आता संस्कृत ठेवा शेजारी. रात्रीला नक्त, आठला अष्ट, मुलीला दुहिता. नक्तमधला क् आणि दुहितामधला ह जिथे आहेत, नेमकं तिथेच इंग्रजीनं जी-एच लिहिलंय. ‘लाफ’, ‘कफ’, ‘रफ’, ‘इनफ’ या शब्दांत तो घशातला आवाज पुसला न जाता फ झाला, म्हणून शेवटी फ ऐकू येतो. कोणत्या शब्दात पुसला गेला आणि कुठे फ झाला याचा सरळ नियम नाही, ते शब्दागणिक लक्षात ठेवावं लागतं. ‘घोस्ट’मधलं एच मात्र निराळं: कॅक्स्टन छपाईचं काम शिकून युरोपातून आला, त्याच्या छापखान्यातून फ्लेमिश भाषेच्या वळणावर ते आत शिरलं. आणि ‘डिलाइट’मध्ये जी-एच मुळात नव्हतंच. तो फ्रेंचमधून आलेला शब्द ‘लाइट’च्या संगतीनं तसा लिहिला जाऊ लागला, एवढंच.

आता जरा वेगळ्या जातीची पानं. काही अक्षरजोड्यांत शब्दांचं कूळ एक असो वा नसो, आवाजाभोवतीच अर्थ गोळा झालेला असतो. जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञानं 1930 मध्ये अशा जोड्यांना ‘फोनेस्थीम’ असं नाव दिलं. (हे फर्थ त्याआधी, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात, लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते.) सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जी-एलचं. पण ‘चमकणे’ एवढा एकच अर्थ सगळ्यांपुढे लिहिला तर पान वाया गेलं, कारण हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘ग्लो’ म्हणजे निखाऱ्याचा किंवा समईचा शांत उजेड. ‘ग्लीम’ म्हणजे चिंचेनं घासलेल्या पितळेच्या तांब्यावर उठते ती झळाळी. ‘ग्लिटर’ ही जरीची, टिकल्यांची चमचम. ‘ग्लिंट’ ही विळीच्या पात्यावरून क्षणभर जाणारी तिरीप. ‘ग्लिसन’ ओल्या वस्तूसाठी: पावसात भिजलेलं अळूचं पान, पाण्यानं भरलेले डोळे. ‘ग्लिमर’ म्हणजे लांबच्या दिव्याची मिणमिण. ‘ग्लेअर’ म्हणजे समोरून येणाऱ्या ट्रकचा डोळे दिपवणारा झोत, आणि त्यावरूनच कुणाकडे रागानं रोखून बघणंही ‘ग्लेअर’. ‘ग्लॅड’ म्हणजे आनंदी हाही जुन्या इंग्रजीत आधी चकचकीत या अर्थाचाच होता. चेहरा उजळणं म्हणतो आपण, ते त्यात आहे.

मराठीत हेच काम झ करतो. झगमग, झळाळी, झळकणे, झगझगीत, झिलई, झुळझुळीत रेशीम. मुलीला दोन्ही रांगा समोरासमोर लिहायला सांगा आणि कोणत्या इंग्रजी शब्दापुढे कोणता मराठी शब्द शोभतो ते तिचं तिला ठरवू द्या. ‘ग्लिटर’पुढे झगमग की चमचम, यावर ती थोडा वेळ विचार करत बसली तर तो शब्द तिला आयुष्यभर पुरेल.

या पानावरही चौकट हवीच. ‘ग्लू’ म्हणजे डिंक, ‘ग्लोब’ म्हणजे गोल, ‘ग्लॉसरी’ म्हणजे शब्दार्थसूची यांत प्रकाश नाही. शेवटचा तर जीभ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलाय. ‘ग्लॅमर’ हा मात्र वाचून मुलं चकित होतात: तो ‘ग्रामर’चाच स्कॉटलंडमधला अपभ्रंश. व्याकरण म्हणजे विद्या, विद्या म्हणजे सामान्य माणसाला न कळणारी मंत्रतंत्राची विद्या, तिच्यावरून मोहिनी, आणि मोहिनीवरून आजचं ग्लॅमर.

एस-एनचं पान नाकाचं. ‘स्नोअर’ घोरणं, ‘स्निफ’ हुंगणं, ‘स्नॉर्ट’ घोड्यासारखं फुरफुरणं, ‘स्नाउट’ डुकराचं किंवा कुत्र्याचं पुढे आलेलं नाक, ‘स्नॉट’ शेंबूड, ‘स्नफ’ तपकीर, ‘स्निव्हल’ नाक ओढत मुसमुसणं, आणि ‘स्निअर’ म्हणजे अगदी शब्दशः नाक मुरडणं. ‘स्नीझ’ म्हणजे शिंकणं, याची हकिकत या साऱ्या विषयाचा गाभा दाखवते. जुन्या इंग्रजीत हा शब्द एफ-एनने सुरू व्हायचा. एफ-एन ही जोडी भाषेतून नाहीशी होत चालली तसा हा एकटा पडलेला शब्द एस-एनच्या घोळक्यात जाऊन मिळाला, कारण नाकाचे बाकीचे शब्द तिथे होते. म्हणजे सारख्या अक्षरांचे शब्द एकत्र ठेवण्याची सवय आपण लावतोय ती इंग्रजी बोलणाऱ्यांच्या डोक्यात आपोआप चालू असते. ‘स्नो’, ‘स्नेक’, ‘स्नेल’ हे चौकटीत.

एस-एलचं पान मी फक्त सुचवून ठेवतो: ‘स्लिप’, ‘स्लाइड’, ‘स्लिदर’, ‘स्लाइम’, ‘स्लीक’. घसरणं, बुळबुळीतपणा, गुळगुळीतपणा. बाकीचे तिनं शोधावेत.

सेमीत विज्ञानाची पुस्तकं इंग्रजीत असतात, तेव्हा त्या मुलांना खरी गरज ग्रीक अक्षरजोड्यांची असते. विज्ञानाच्या शब्दात पी-एच, टी-एच, सी-एच, आर-एच, पी-एस आणि मधोमध येणारा वाय दिसला की तो बहुधा ग्रीक. पी-एच असं दोन अक्षरांत का लिहितात, हे मराठी मुलांना इंग्रज मुलांपेक्षा लवकर कळतं. जुन्या ग्रीकमध्ये तिथे एफ नव्हता. प् आणि ह मिळून होणारा, ओठ मिटून उघडणारा आपला फ होता, फळामधला. रोमन लोकांच्या लिपीत असं अक्षर नव्हतं म्हणून त्यांनी पी आणि एच शेजारी शेजारी लिहिले. तसंच टी-एच म्हणजे थ आणि सी-एच म्हणजे ख. फ, थ, ख ही आपल्या बाराखडीतली महाप्राण व्यंजनं इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन दोन अक्षरं घेऊन बसली आहेत. पुढे ग्रीकमध्येच फ चा उच्चार दातांनी ओठ दाबून होणारा झाला आणि इंग्रजीत तोच आला.

‘फोटो’ म्हणजे प्रकाश, म्हणून फोटोसिंथेसिस म्हणजे प्रकाशाच्या साहाय्यानं जुळणी. ‘हायड्रो’ पाणी, ‘पॉली’ अनेक, ‘सायको’ मन, ‘न्यूमो’ श्वास आणि फुप्फुस. पी-टीची जोडी तर फार देखणी. उडणाऱ्या प्राचीन सरड्यासारख्या प्राण्याला ‘टेरोडॅक्टिल’ म्हणतात, त्यातला पी बोलत नाहीत. ‘टेर’ म्हणजे पंख, ‘डॅक्टिल’ म्हणजे बोट. तोच पंख ‘हेलिकॉप्टर’मध्ये आहे, आणि तिथे पी बोलला जातो. सगळे समजतात की हा शब्द हेली आणि कॉप्टर असा तुटतो. तो तुटतो हेलिको, म्हणजे गोल फिरणारा, आणि प्टर, म्हणजे पंख, असा. संस्कृतात पत् म्हणजे उडणे आणि पत्र या शब्दाचा पंख हाही अर्थ आहे. तेच हे मूळ.

सी-एचचा उच्चार कुठे च, कुठे क, कुठे श, हे विचारत मुलं माझ्याकडे नेहमी येतात. कुळावर ते ठरतं. घरचे जुने इंग्रजी शब्द आणि फार पूर्वी फ्रेंचमधून आलेले शब्द च ने: चाइल्ड, चीक, चर्च, चेअर. ग्रीक शब्द क ने: केमिस्ट्री, कोरस, स्कूल, स्टमक, एको, कॅरेक्टर. अलीकडच्या काळात फ्रेंचमधून आलेले श ने: मशीन, पॅराशूट, ब्रोशर, शेफ. ‘चीफ’ आणि ‘शेफ’ हा फ्रेंचमधला एकच शब्द आहे, अर्थ प्रमुख. मध्ययुगात आला तो चीफ झाला आणि एकोणिसाव्या शतकात पुन्हा आला तो स्वयंपाकघराचा प्रमुख झाला.

फसवी साम्यं सगळ्यांत जास्त लॅटिन आणि ग्रीक मुळांत आहेत. पी-ई-डी या तीन अक्षरांचं उदाहरण पुरे. ‘पेडल’, ‘पेडेस्ट्रियन’, ‘सेंटिपीड’ यांत पाय आहे, तो लॅटिन. ‘पीडिअ‍ॅट्रिशन’ म्हणजे बालरोगतज्ज्ञ, यात मूल, म्हणजे बाळ, या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, पायाशी संबंध नाही. दोन्ही एका पानावर घेतले तरी मधे जाड रेघ मारावी. उलट एस-पी-ई-सी-टी हे मूळ अगदी विश्वासाचं: ‘इन्स्पेक्ट’ आत डोकावून बघणं, ‘सस्पेक्ट’ खालून, संशयानं बघणं, ‘रिस्पेक्ट’ वळून बघण्याजोगा मानणं, ‘प्रॉस्पेक्ट’ पुढे बघणं, ‘स्पेक्टॅकल्स’ चष्मा. आपलं पश्यति त्याच कुळातलं, आणि संस्कृतात हेराला स्पश म्हणतात तेही.

वहीबद्दल आता नेमकं सांगतो. एका पानावर एक अक्षरगट, आठ ते बारा शब्दांपेक्षा जास्त नको. प्रत्येक शब्दापुढे मराठी प्रतिशब्दाऐवजी एखादी घरातली वस्तू किंवा कृती लिहावी, आणि त्याखाली तिनं स्वतः बनवलेलं एक छोटं इंग्रजी वाक्य. ‘माय ग्रँडमदर रिंग्ज द वेट सारी’ असं साधं चालेल. पुस्तकातलं वाक्य उतरवून घेतलेलं चालणार नाही. तळाशी चौकट. आठवड्याला एकच पान, आणि पुढचं सुरू करण्याआधी मागच्या पानावर हात ठेवून शब्द आठवायचे. नवा शब्द आपल्या गटात बसतो का हे कोशात बघितल्याशिवाय पानावर चढवायचा नाही. चांगल्या इंग्रजी कोशात शब्दाच्या नोंदीत मूळ भाषा दिलेली असते आणि इंटरनेटवरही इंग्रजी व्युत्पत्तीचे मोफत कोश आहेत. नुसत्या अंदाजानं कूळ जोडायची सवय लागली तर ती मोडणं अवघड जातं.

परीक्षेचं विचाराल तर दहावीच्या पेपरात दिलेल्या मोठ्या शब्दातल्या अक्षरांपासून छोटे शब्द बनवणं, शेवटच्या अक्षरापासून शब्दसाखळी पुढे नेणं, एखाद्या विषयाचे शब्द गोळा करणं असे प्रश्न असतात. अक्षरगटांची सवय असलेल्या मुलीला तिथे शब्द सुचायला वेळ लागत नाही. तरी मी या पानांचा आग्रह धरतो तो गुणांसाठी नाही. आपल्या मुलांच्या मनात इंग्रजी स्पेलिंगबद्दल एक धास्ती बसलेली असते, की यात काही नियमच नाही, नुसती घोकंपट्टी. के-एनमध्ये ज्ञ सापडला की ती धास्ती कमी होते, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहिलंय.

सुरुवात डब्ल्यू-आरनं करा, कारण त्यात अपवाद कमी आणि चित्र स्पष्ट. मग के-एन, मग एस-एन आणि जी-एल. जी-एचला घाई करू नका, ते दिवाळीच्या सुट्टीत निवांत घ्या. ग्रीक जोड्या मात्र वेगळ्या वेळापत्रकानं: विज्ञानाचा जो धडा चालू असेल त्यातले शब्द त्याच आठवड्यात फोडायचे. आणि शिकवणीतली ए ते झेडची यादी फेकू नका. तिच्यातूनच डब्ल्यू-आरचे, के-एनचे शब्द हुडकून रंगीत पेन्सिलीनं खुणा करायला सांगा. पहिल्या आठवड्याचं काम तेवढंच.